वारं गेलं म्हणायचं

केशवदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी देडतलाईच्या बाजारात एका बैलाचे दात बघत होतो. पलीकडून वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊ, तुमचे दादा गेले." मी बैलाचं तोंड सोडलं आणि गिऱ्हाइकाला म्हटलं, आज सौदा नाही. त्याला आता काही आठवडे झाले. आमच्या इतवारा मोहल्ल्यात भेटेल तो दादांविषयी चार चांगले शब्द बोलतो, मीही बोलतो. पण माझी त्यांच्याबद्दल एक तक्रार आहे, आणि ती गाळून लिहिलं तर ते लिहिणं खोटं होईल.

दादा बैलांचे दलाल. मी त्याच बाजारात दोरखंड विकायचो, तिथून त्यांनीच मला सौद्यात ओढलं. आमच्याकडे बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि त्याखाली बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे भोवतीच्यांना कळत नाही. हात उजवाच लागतो. डावा पुढे केला तर समोरचा उठून जातो. दादांनी बोट धरलं की माणूस अजून किती चढेल, हे त्यांना कळायचं. मी तापट, भाव पटला नाही की रुमाल भिरकावायचो. ते तो उचलून माझ्याच खांद्यावर टाकत. "रघू, राग तोंडावर येऊ दे, बोटात नको."

मग एका सकाळी दादांचा तोच उजवा हात गेला. डॉक्टर पक्षाघात म्हणाले, सून फोनवर सगळ्यांना पॅरालिसिस सांगत होती, शेजारी लकवा म्हणत. दादा मात्र म्हणायचे, अंगावरून वारं गेलं. मी एकदा हसलो तर म्हणाले, "वारं येतं, जातं. लकवा मुक्कामाला येतो."

बाजारात शेतकरी विचारत, दादा कधी येणार? बाकीचे दलाल सांगत, "जरासं वारं गेलंय, येतील पुढच्या हप्त्यात," आणि तोवर त्याच शेतकऱ्याचा हात आपल्या रुमालाखाली घेत. मला ते ढोंग सहन झालं नाही. भर बाजारात ओरडलो, "लकवा मारलाय त्यांना! हात उठत नाही. लोकांना कशाला वाट बघायला लावता?" संध्याकाळपर्यंत ते इतवाऱ्यात पोचलं आणि दादांचं दार मला बंद झालं. गोड बोलून गिऱ्हाइकं नेणाऱ्यांना आत चहा, आणि मला वहिनी दारातूनच सांगत, "झोपलेत." आतून दादांचा खोकला ऐकू येई... ते मला अजून लागतं.

दिवाळीनंतर त्यांनी स्वतःच बोलावलं. खाटेवर बसले होते, फार वाळले होते.

"काय करून राह्यला?"

"धंदा चालवून राह्यलो."

"माझा म्हण," ते हसले. मग डाव्या हाताने उजवा उचलून त्यांनी माझ्या हातात ठेवला आणि वहिनींना वरून रुमाल टाकायला लावला. "सांग, कितीचा भाव देऊन राह्यलो?"

मी थांबलो. हात उबदार होता. मला फार वाटत होतं की एखादं बोट हलावं... दादांच्या कपाळावर घाम आला होता.

"दादा, काहीच कळत नाही."

ते रुमालाकडे बघत म्हणाले, "बाकी सगळे म्हणतात, कळलं दादा, पंजा दाबला, म्हणजे पाच." मग हळूच म्हणाले, "लकवाच आहे, रघू. तूच खरा."

वहिनी चहा ठेवायला आत वळल्या. मी हात सोडला नाही, पण बोललोच. "दार बंद केलं सगळ्या इतवाऱ्यासमोर, आणि खरा म्हणता रुमालाखाली. हा सौदा मला पटला नाही."

"मग घासाघीस कर ना," दादा म्हणाले. "परत ये."

मी परत जायच्या आतच तो फोन आला.

तो रुमाल वहिनींनी मला दिला. परवा बाजारात डोईफोडिया गावचा एक शेतकरी बैल घेऊन आला, दादांचा जुना माणूस. त्याने विचारलं, "शेवटी दादांना काय झालं होतं, भाऊ?" भोवती तेच दलाल उभे होते, माझ्या तोंडाकडे बघत.

"वारं गेलं होतं," मी म्हटलं, आणि दादांचा रुमाल आमच्या हातांवर टाकला.