आतला दाब

कराडच्या दवाखान्यात माझ्या वडिलांशेजारच्या खाटेवर पाटणकडचे एक म्हातारे होते. नाव मी कधी विचारलं नाही. हृदय थकल्यामुळं छातीत पाणी भरायचं, आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून ते बसूनच झोपायचे. सैन्यातल्या मुलाचा फोन आला की दम आवरून म्हणायचे, "बरा हाय रं. रजा घालवू नगंस."

औषधं लागू पडेनात. मानेच्या शिरेतून नळी घालून हृदयातला दाब मोजावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. म्हाताऱ्यांची बायको घाबरली. ते म्हणाले, "मोजा सायब. समदी तोंडाकडं बघून बरं हाय म्हणत्यात. आतलं खरं एकदा कळू द्या."

दाब फार चढलेला निघाला. औषधं बदलली, तरी तो उतरला नाही. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं, तेव्हा ते बायकोला म्हणाले, "आता लाव फोन. ये म्हणावं."

मुलगा थेट स्टेशनवरून आला. बूट काढून खाटेवर चढला आणि बापाच्या पाठीला पाठ लावून बसला. म्हाताऱ्यांनी डोकं मागं टेकलं. तसे टेकलेलेच ते दुपारी गेले.

नर्सनं मुलाला उठायला सांगितलं. तो म्हणाला, "जरा थांबा. मी उठलो तर आबा पडत्याल."