जिन्याखालच्या मॅडम

आधीच सांगून टाकते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझ्या सासूबाई मालवणच्या. त्यांच्याकडे दर सुट्टीत एक नवीन भूत तयार असतं, आणि दर सुट्टीत मी विचारते... कुणी पाहिलं? कधी पाहिलं? तेव्हा उजेड किती होता? त्या वैतागतात. पण माझं कामच ते आहे. मी घाटकोपरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते, आणि पुरावा विचारायची सवय घरी आल्यावर काही सुटत नाही.

तरीही हे लिहितेय, कारण यंदा जूनमध्ये जे झालं त्याचे साक्षीदार एक-दोन नाहीत, दहा आहेत. आणि सगळं घडलंय भर दिवसा, अकरा ते एकच्या मध्ये, ट्यूबलाइट चालू असताना.

आमचा इतिहास विभाग म्हणजे मी. पूर्वी तीन जण होते म्हणे. आता एक कपाट, एक नकाशा आणि मी. बी.ए.ला इतिहास मेजर घेणारी मुलं दरवर्षी कमी होत गेली. यंदा ॲडमिशन सुरू व्हायच्या आधीच प्रिन्सिपल सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सर माणूस चांगला, त्यांनाही सांगताना अवघड वाटत होतं. दहा फॉर्म आले नाहीत तर यंदा हिस्टरी मेजर उघडता येणार नाही, मग मी कॉमर्सच्या मुलांना दोन क्रेडिटचा एक पेपर शिकवायचा आणि उरलेल्या वेळात परीक्षा विभागात बसायचं, असं ठरलं होतं.

मी घरी येऊन चक्क रडले. ‘उपनगरांचा स्थानिक इतिहास’ असा एक पेपर मी दोन वर्षं खपून तयार केला होता. अंधेरीची गावठाणं, आरेतले पाडे, घाटकोपर-मुलुंडच्या चाळी... युनिव्हर्सिटीची मंजुरीसुद्धा आली होती. तो एकदाही शिकवायला मिळाला नव्हता.

पहिल्या तीन दिवसांत तीन फॉर्म आले. त्यातल्या एकीला खरं तर हिंदी हवं होतं, यादीत बोट चुकून खालच्या ओळीवर पडलं. म्हणजे दोन. मी मनातल्या मनात कपाट आवरायला घेतलं.

चौथ्या दिवशी दुपारी शेरॉन नावाची मुलगी विभागात आली. अंधेरीच्या गावठाणातली, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ ख्रिस्ती समाजातली. बी.एम.एस.ला, मॅनेजमेंटला जाणार होती. म्हणाली, हिस्टरीचा फॉर्म इथेच द्यायचा ना? मी विचारलं, मध्येच मन कसं बदललं? तर म्हणे, खालच्या मॅडमनी सांगितलं.

मला वाटलं, हेल्पडेस्कवरच्या कुणीतरी माझी दया येऊन पाठवली. मी खूश झाले आणि विषय सोडून दिला.

त्या दिवशी अजून दोघं आले. दुसऱ्या दिवशी तिघं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तिघं. प्रत्येकाचं उत्तर एकच... खालच्या मॅडम. एकूण अकरा फॉर्म झाले, प्रिन्सिपल सरांनी हसत सही केली, मेजर वाचलं. आणि मी पेढ्यांचा बॉक्स घेऊन हेल्पडेस्कवर गेले, आभार मानायला.

तिथे अकाउंट्सचे दोन सर बसले होते. मॅडम कुणी नव्हत्याच. शिवाय हेल्पडेस्क आमच्याच, पहिल्या मजल्यावर, आणि मुलं तर ‘खालच्या’ म्हणत होती.

मी शेरॉनला फोन केला. ती म्हणाली, अहो तळमजल्यावर, जिन्याखाली टेबल टाकून बसल्या होत्या ना. मी जाऊन बघितलं. जिन्याखाली आमच्याकडे मोडके बाक रचून ठेवलेत, मांजर जाईल एवढीच जागा. सावंत क्लार्क, जे या कॉलेजात तीस वर्षं आहेत, म्हणाले की बाक गेल्या दिवाळीपासून तिथेच आहेत, कुणी हलवलेले नाहीत.

आता मात्र माझ्यातली इतिहासाची बाई जागी झाली. नऊही मुलांना मी एकेकटं बोलावलं, दुसऱ्यासमोर नाही, आणि लिहून घेतलं. आखूड कापलेले पांढरे केस. उजव्या मनगटावर पुरुषी मोठं घड्याळ. हातात पेन्सिल, बोलताना ती टेबलावर आपटत. साडीच्या रंगावर एकमत नव्हतं, कुणी निळी म्हणे कुणी राखाडी. खरं सांगू? त्यानेच मी घाबरले. सगळं तंतोतंत जुळलं असतं तर मी म्हटलं असतं, पोरांनी ठरवून माझी फिरकी घेतली.

आणि त्या बाईंनी कुणालाच ‘हिस्टरी घे’ असं सुरुवातीला म्हटलं नव्हतं. कुठे राहतोस विचारायच्या, मग एक प्रश्न. शेरॉनला विचारलं, तुमच्या गावठाणात दगडी क्रूस आहे त्यावर काय कोरलंय, वाचलंस कधी? आरेतल्या पाड्यावरून येणाऱ्या वनिताला विचारलं, तुमचा पाडा डेअरीच्या आधीचा की नंतरचा? मुलुंडच्या ओंकारला, आजोबा गिरणीत कुठल्या खात्यात होते? त्याला ठाऊक नव्हतं. त्याने घरी विचारलं, तर कधी न बोलणारे त्याचे बाबा दोन तास बोलत बसले.

“मला म्हणाल्या, उत्तर येत नाही ना तुला? मग तोच विषय घे,” ओंकार म्हणाला. “एकदम डेंजर होत्या मॅडम. पण झकास.”

हे वर्णन मी सावंतांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला आणि खुर्चीत बसले.

“अहो, ह्या तर आमच्या परुळेकर बाई. तुमच्या आधीच्या एच.ओ.डी.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “कधी गेल्या हो?”

मला माहीतच नव्हतं. मी इथे लागले तेव्हा त्या रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, मुलांनी तर नाहीच नाही. कॉलेजात त्यांचा फोटोही नाही. सावंतांकडे त्यांच्या बोरिवलीच्या घरचा जुना लँडलाइन नंबर होता. घरच्यांचं सांत्वन तरी करावं म्हणून मी फोन लावला, काय बोलायचं ते जुळवत होते, तेवढ्यात पलीकडून खणखणीत आवाज आला.

“परुळेकर बोलतेय. कोण पाहिजे?”

मी फोन सावंतांच्या कानाला लावला. ते तर देवाचं नाव घ्यायला लागले.

त्या शनिवारी मी मेट्रोने बोरिवलीला गेले. वॉकर घेऊन त्यांनीच दार उघडलं. आखूड पांढरे केस, उजव्या मनगटावर मोठं घड्याळ. एप्रिलमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तेव्हापासून जिना उतरल्या नव्हत्या. हे त्यांच्या सुनेनेही सांगितलं.

मी सगळं सांगितलं. विभाग बंद पडत होता हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मग म्हणाल्या की गोळ्यांमुळे त्यांना अकराच्या सुमारास बाल्कनीतल्या खुर्चीत गुंगी यायची. आणि ओळीने तीन दिवस एकच स्वप्न पडलं... जिन्याखाली टेबल टाकून बसल्यायत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना पकडतायत.

सून हसली. म्हणाली, आई झोपेत ‘चला, पुढचा’ म्हणायच्या, मला वाटायचं रेशनच्या रांगेचं स्वप्न पडलंय.

मला हसावं की काय करावं कळेना. तेवढ्यात त्यांनी विचारलं, “किती आले म्हणालीस?”

“नऊ, मॅडम.”

“नऊ कसे? मी दहा जणांना सांगितलं.” त्यांनी बोटांवर मोजलं. “तो हाताला प्लास्टर असलेला नाही आला का? चेंबूरचा. त्याला मी ट्रॉम्बेच्या बंदराचं विचारलं होतं.”

नाही, असा कुणी आला नव्हता. मी परत येताना स्वतःला समजावलं की वयस्कर बाई आहेत, ऐकलेलं आणि स्वप्नातलं मिसळलं असेल.

मंगळवारी दुसऱ्या लेक्चरच्या मध्येच दारात एक मुलगा उभा राहिला. डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. बी.कॉम.ला बसत होता, विषय बदलून मिळेल का विचारत होता. मी त्याला एवढंच विचारलं, राहतोस कुठे? चेंबूर म्हणाला. मी खडू खाली ठेवला. वर्गाला वाटलं मला चक्कर आली.

त्याने स्वतःहूनच सांगितलं की ॲडमिशनच्या वेळी एका मॅडमनी बंदराबद्दल विचारलं होतं, तेव्हा तो हसून निघून गेला, पण ते डोक्यातून जात नव्हतं. त्याचं नाव फैजान. बदलीचा अर्ज मी त्याच दिवशी सरांकडून सही करून आणला.

आता माझा उपनगरांचा तो पेपर सुरू आहे. गेल्या महिन्यात मी बाराही मुलांना बोरिवलीला घेऊन गेले. वाटलं होतं, पोरं किंचाळतील, निदान गप्प तरी होतील. कसलं काय! त्यांनी चपला काढल्या, “हाय मॅडम” म्हणाली आणि जमिनीवर फतकल मारून बसली. मी यातलं काहीच त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांच्या मते या कॉलेजातल्या मॅडम होत्या आणि आता घरी होत्या, त्यात नवल काय? शेरॉनने क्रूसावरच्या अक्षरांचे फोटो आणले होते. वनिताच्या आजीने सांगितलेलं तिने वहीत उतरवून आणलं होतं. परुळेकर मॅडम पेन्सिल आपटत एकेकाला फैलावर घेत होत्या.

मला तिथे कुणी काही विचारत नव्हतं. म्हणून मी स्वयंपाकघरात सुनेला चहाला मदत करायला गेले. तिला विचारलं, हे सगळं तुला काय वाटतं?

ती आलं किसत म्हणाली, “आई घरी असताना तिथे कशा होत्या, ते मला नाही माहीत. पण त्या तिथे गेल्याच नसतील, असं मी छातीवर हात ठेवून नाही सांगणार.”

माझ्या टिपणवहीत दहाही साक्षी तारखेनिशी आहेत. शेवटी ‘निष्कर्ष’ असं लिहून पुढे जागा सोडलीय. ती अजून कोरी आहे. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर कळवा... पुराव्यासकट.