उपाशी गाडी

आमच्या समोर राहणारे गृहस्थ शिलाई मशीन दुरुस्त करतात. दिग्रसच्या आसपासची खेडी ते इलेक्ट्रिक स्कूटरवर पालथी घालतात. गाडी चार्जिंगला लावणं याला ते चारा टाकणं म्हणतात. संध्याकाळी "चारा टाकून आलो" असं सांगत आमच्या ओट्यावर येऊन बसतात.

गल्लीत अशा गाड्या वाढल्या, विजेची डीपी मात्र जुनीच राहिली. दिवेलागणीला सगळे प्लग एकदम लागतात आणि आमच्या कूलरचा पंखा रडतखडत फिरायला लागतो. त्या कूलरसमोर माझी म्हातारी आई पडलेली असते. गप्पा कितीही रंगलेल्या असोत, या गृहस्थांचा एक कान आमच्या कूलरकडे. आवाज मंदावला की बोलता बोलता उठतात आणि आपल्या गाडीचा प्लग काढून येतात.

"तुमी एकट्यानं काढून काय होते?" मी एकदा चिडून विचारलं.

"मंग बाकीच्यायची वाट पाहू काय? काकूले गरम होऊन राह्यलं ना!"

दुसऱ्या दिवशी अवजारांची पिशवी खांद्याला लावून ते एसटी स्टँडकडे निघाले. गाडी कुठं म्हटलं तर म्हणाले, "उपाशी हाये."

हे आईनं ऐकलं. त्या संध्याकाळी, मे महिन्याच्या त्या भट्टीत, तिनं कूलर बंद केला आणि खिडकीतून हाक दिली, "भाऊ, मले थंडी वाजून राह्यली. टाका तुमच्या गाडीले चारा!"

आत जाऊन त्यांनी प्लग लावला. बाहेर आले तेव्हा कानाला मफलर गुंडाळलेला होता.