दिवस मावळायच्या आत टोर्टिला

शिरवळ मागे टाकून एसटी खंबाटकी घाटाला लागली आणि उभीच राहिली. वर ट्रक आडवा झाला होता. माझ्या शेजारी एलेना, माझ्या भाच्याची, सन्मतीची, मेक्सिकन बायको. लग्न ठरल्याचं कळलं त्या दिवसापासून सन्मतीचे वडील अण्णा, म्हणजे माझे भाऊजी, मुलाशी बोललेले नाहीत. यंदा एलेना कंपनीच्या कामासाठी मेक्सिकोहून एकटीच पुण्याला आली आणि मला म्हणाली, "मावशी, आष्ट्याला सासरी जाऊ."

माझी बहीण, अक्का, फोनवर आधी रडली. मग म्हणाली, या, पण ह्यांचं काही सांगता येत नाही. भाऊजी जैन धर्माचे पक्के. दिवस मावळला की पाण्याचा घोटही घेत नाहीत. आणि एलेनाला तर त्यांना स्वतःच्या हातचे टोर्टिला (तिकडच्या मऊ चपात्या) करून वाढायचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी परतायचं होतं. जे व्हायचं ते आजच.

साताऱ्यात पोचेपर्यंत दुपार कलली. चहाला उतरू म्हटलं, तर ती जागची हलली नाही. कराडच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसाच्या ट्रॉल्यांमागे आमची गाडी मुंगीच्या पावलानं. मी कंडक्टरला परत परत विचारत राहिले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "आवं मावशी, आता म्या उतरून ढकलू व्हय?"

आष्ट्याला पोचलो तेव्हा उन्हं घरांच्या माथ्यावर गेली होती. भाऊजी बाहेरच्या खोलीत बसले होते. एलेना पाया पडली. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, पण तिच्याकडे पाहिलंही नाही.

ती हात धुऊन थेट स्वयंपाकघरात गेली. पिठात मीठ घातलं, शेंगतेल चोळलं, गाळलेलं पाणी तापवून ओतलं. चपातीला गरम पाणी कशाला, असं अक्का पुटपुटली. मळलेला गोळा झाकून ठेवल्यावर एलेना थांबून राहिली. पीठ मुरल्याशिवाय लाटता येत नाही म्हणाली. आम्ही तिघी खिडकीतल्या उजेडाकडे पाहत होतो.

पहिला टोर्टिला पापडासारखा कडक झाला. तवा फार तापला होता. एलेनानं लाटणं खाली ठेवलं. अक्कानं आच कमी केली आणि लाटणं तिच्या हातात पुन्हा दिलं. दुसऱ्याला बारीक फोड आले. तो उलटून, काढून, तिनं लगेच फडक्यात गुंडाळला. वाफ आतच राहिली की तो मऊ पडतो.

तेवढ्यात भाऊजी दारात येऊन उभे राहिले.

"ह्यात काय घातलंय?"

"तेल," एलेना म्हणाली.

"तुमच्यात डुकराची चरबी घालत्यात म्हणं."

मी मध्ये पडून काहीतरी सावरणार होते. पण सन्मतीकडून ती मराठी शिकली होती, आणि तिला सगळं समजलं होतं.

"हो. माझी आई घालायची."

अक्काचा हात तव्यावर थांबला. आता संपलं, असंच मला वाटलं.

"आन् सन्मती?" त्यांनी विचारलं. इतक्या दिवसांत हे नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

एलेना शब्द जुळवत राहिली. सन्मतीनं तिच्या आईच्या घरी पहिल्याच दिवशी हात जोडून नको म्हटलं. आईला वाईट वाटलं, ती रडली. मग तेलातले टोर्टिला करायला शिकली. बरेच बिघडले.

"आता आईच्या घरी चरबी नाही," ती म्हणाली.

"त्येच्यासाठी शिकली? त्या वयात?"

"हो."

भाऊजींनी खिडकीबाहेर पाहिलं. थोडाच दिवस उरला होता. ते पाटावर बसले. अक्कानं मुगाची भाजी वाढली, एलेनानं फडकं उलगडलं. त्यांनी तुकडा मोडला, खाल्ला, आणि आणखी एक मागून घेतला. उठताना अक्काला एवढंच म्हणाले, "मऊ हाय."

सकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. ते निरोपाला बाहेर आले नाहीत. बहिणीच्या घरी मी आयुष्यभर जात आले, पण त्या उंबऱ्याला किती उंची आहे, ते ह्या खेपेला समजलं. एलेनाला विचारलं, पुन्हा येशील का? ती नुसती उसाकडे पाहत राहिली.

कराडजवळ सन्मतीचा फोन आला. तिकडे रात्र झाली होती.

"मावशी, आत्ता अण्णांचा फोन आला होता. 'जेवलास का' म्हणाले."

"मग?"

"मी हो म्हणालो. पुढं दोघांनाही बोलता येईना. पण बराच वेळ कुणीच फोन ठेवला नाही."