चाचांचा पेचकस

रिवाइंडिंगच्या दुकानात माणूस वर्षानुवर्षं बसला की हाताला वार्निशचा वास लागतो आन् डोक्यात किस्से साठतात. वास साबणानं जातो. किस्से कुठं जातेत? ऐका मग!

बीडच्या बसस्टँडमागं करीमचाचांचं दुकान हाय. विहिरीच्या मोटरी जळून येतात, आमी त्यात तांब्याची तार नव्यानं भरतो. मी चाचांच्याच हाताखाली शिकलो. त्यांची एक रीत. मोटर तयार झाली की चालू करायची, लांब पेचकसाचं, म्हंजे स्क्रू ड्रायव्हरचं, टोक तिच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आन् डोळे मिटून ऐकायचं. आत बेअरिंग घासत असलं तर तसं लगेच कळतं. चाचा 'हं' म्हनले, की मगच मोटर गाडीत.

एकदा तलवाड्याचा एक शेतकरी लई घाईत होता. "चाचा, ऊस वाळायलाय, ऐकायचं राहू द्या की!"

चाचा डोळे न उघडता म्हनले, "नमाजेत मधी बोलू नाय."

बिचारा टोपी काढून उभा राहिला!

•

रमजानमधी ऐन नमाजेच्या तोंडावर मशिदीची मोटर बंद पडली. वजूला, म्हंजे नमाजेआधी हातपाय धुवायला, पानी न्हाई. चाचांनी पळत जाऊन ती चालू केली, पन त्या नादात त्यांची सगळ्यांसंगं पढायची जमातीची नमाज हुकली. तोंड पाडून पायरीवर बसले.

मौलाना बाहेर आले. म्हनले, "करीमभाई, आज सगळ्यांनी वजू कुनाच्या पान्यानं केला?"

झालं! चाचा ईदपर्यंत हवेत!

•

घाटनांदूरकडं एका देवळाची मोटर बसवायला गेलतो. आत आरती सुरू, बाहेर चाचा डोळे मिटून, पेचकस कानाला लावून बसलेले. चांगला वेळ लागला. एका म्हातारीला वाटलं, कुनी तरी मोठा साधू ध्यानाला बसलाय. पाया पडून गेली!

परत येताना मी सांगितलं, तर चाचा चिडले. "पाया पडू दिलंस? मला हलवलं का न्हाईस बे?"

•

मग चाचांचे कान जायला लागले. डॉक्टर म्हनले, आतली नस ठणठणीत हाय, पन बाहेरचा आवाज तिथवर पोचंना. त्यांच्या पोरानं कानाचं मशीन आनलं. पेचकस जवळ नेला की ते शिट्टी मारायचं!

आमी हसायचो, चाचा हसंनात. म्हनले, "ज्या दिवशी मोटर ऐकू येनार न्हाई, त्या दिवशी मी घरी बसनार. न ऐकता मोटर देनं म्हंजे बिनवजूची नमाज."

"मी ऐकतो की तुमच्या जागी!"

"माझी नमाज तू पढनार का बे?"

मी खाली बघून तार गुंडाळायला लागलो.

•

आन् तो दिवस आला. मी भरलेली मोटर चालू होती. चाचांनी पेचकस ह्या कानाला लावला, त्या कानाला लावला. मग हळूच म्हनले, "बस. उद्यापासून तूच बघ."

मी पेचकस घेऊन ऐकलं आन् 'हं' म्हनलो. मोटर पास केली. माझ्याच्यानं वर बघवंना.

चाचांनी आपली हत्यारं गोळा केली. दोन्ही हात भरले, म्हनून पेचकसाची मूठ दातात धरली. जाता जाता मोटर बंद करावी म्हनून कोपरानं बटन दाबायला वाकले, तर पेचकसाचं टोक मोटरीला टेकलं.

चाचा जागीच थिजले!

मला वाटलं शॉक लागला. "चाचा! ओ चाचा!" मी लाकडी फळी घेऊन धावलो.

चाचांनी हत्यारं खाली टाकली आन् हात वर केला. थांब. डोळे मिटलेले, मूठ दातात घट्ट. मग सावकाश पेचकस तोंडातून काढला आन् माझ्याकडं असं बघितलं, की मी शिकायला आलो त्या वर्षानंतर तसं कधी बघितलं नव्हतं.

"मागचं बेअरिंग घासतंय! कुनी बसवलं बे?"

मीच बसवलं होतं. मी रडत रडत जिलेबी आनायला पळालो.