सोऱ्याचं ड्रॉइंग

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दिवाळी तोंडावर आलेली, पिंपरीतल्या आमच्या कंपनीचं ड्रॉइंग ऑफिस... आणि माझ्या बोर्डावर चक्क चकलीचा सोऱ्या.

मी तिथे ट्रेसर होते. म्हणजे दुसऱ्यांनी काढलेली ड्रॉइंग शाईने गिरवायची. मला स्वतः ड्रॉइंग काढणारी ड्राफ्ट्समन व्हायचं होतं, आणि साहेबांची अट होती... एखादी वस्तू स्वतः मोजून, सगळ्या बाजूंनी काढून दाखवा.

कंपनीतला पार्ट गेटबाहेर नेता येत नसे. मग घरचा सोऱ्याच धरला. पितळी नळी, चांदणीची चकती, सासूबाईंच्या हाताखाली झिजलेला लाकडी दट्ट्या... काढता काढता कळलं, इतकी वर्षं हाताळलेली ही वस्तू केवढी देखणी आहे. मी तिच्या प्रेमातच पडले.

ऑफिसात टिंगल झाली. "वहिनी, चकलीला टॉलरन्स किती? माप किती इकडेतिकडे चालेल?" साहेब मात्र हसले नाहीत. "ड्रॉइंग खरं की खोटं ते वर्कशॉप ठरवेल," म्हणाले आणि त्याची प्रिंट पॅटर्न शॉपला, म्हणजे लाकडी साचे करणाऱ्या विभागात पाठवली. तिथल्या मिस्त्रींनी सोऱ्या न बघता, नुसत्या कागदावरून नवा दट्ट्या करून दिला.

पिंपळे गुरवला घरी नेला. नळीत अलगद बसला. सासूबाईंनी पीठ भरून दाबलं... आणि पीठ डाव्या कडेने वर आलं. थेट जुन्या दट्ट्यासारखंच.

"नवा आनलास, पन खोड जुनीच हाय की गं," त्या म्हणाल्या.

माझा चेहरा पडला. झिजलेली कडसुद्धा मी इमानदारीत जशीच्या तशी मोजून काढली होती. आता कसली ड्राफ्ट्समन होतेय मी, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सगळं सांगितलं. ते पोट धरून हसले. "अहो बाई, झीजसुद्धा तुमच्या कागदावरून लाकडात उतरली. अजून काय पाहिजे? सोमवारपासून खिडकीजवळचा ड्राफ्ट्समनचा बोर्ड तुमचा."

त्या दिवाळीत आल्यागेल्याला चकली देताना सासूबाई दट्ट्याही दाखवायच्या. "आमच्या सूनबाईच्या कागदावरनं बनलाय ह्यो."

पुढे मोठमोठ्या मशिनची ड्रॉइंग केली. पण घरात फ्रेम लावली ती सोऱ्याचीच... आणि आजही चकल्या त्याच दट्ट्याने होतात. पीठ अजून डाव्या कडेनेच वर येतं, आणि दर दिवाळीला ते बघून माझी मान ताठ होते.