हूं म्हणायला कुणीतरी

बुधवारी दुपारी अनीसाबींनी कूलरची टाकी घासली. टाकी स्वच्छच होती, सोमवारीच घासलेली. टेबलावर मात्र दोनशे अठ्ठ्याऐंशी पानांची प्रुफं पडली होती, एकेचाळिसाव्या पानावर लाल पेन आडवं ठेवलेलं. ते पेन तिथं शुक्रवारपासून होतं.

अनीसाबींना आळशी म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. अकोल्याच्या जठारपेठेतल्या छापखान्यात सव्वीस वर्षं त्यांनी प्रुफं तपासली. छापखाना बंद झाला तेव्हा त्यांनी डोळे पुसले, चष्मा पुसला आणि घरी काम आणायला सुरुवात केली. नवरा जाऊन पाच वर्षं झालेली, मुलगी कहकशाँ पुण्यात. घर शांत, वेळ भरपूर, कटकट कुणाची नाही. कामाला याहून चांगलं काय हवं, असं त्यांना वाटलं होतं. आणि तिथंच त्यांचं चुकलं.

बसलं की तहान लागायची. पाणी प्यायला उठलं की बरणीचं झाकण सैल दिसायचं. झाकण लावेपर्यंत मोबाइलवर कुणाच्या तरी लग्नाचे चाळीस फोटो येऊन पडायचे. परत येऊन पान वाचावं, तर खाली पोचेपर्यंत वर काय होतं ते आठवत नसे.

कहकशाँ स्वतः घरूनच काम करायची. तिनं आईच्या मोबाइलमध्ये एक घंटी टाकून दिली होती. "अम्मी, पच्चीस मिनट काम, पाँच मिनट आराम. बस." पंचवीस मिनिटं अनीसाबी घंटी कधी वाजते याची वाट पाहायच्या. आराम मात्र पाच मिनिटांत कधी आटोपला नाही.

त्या बुधवारी संध्याकाळी अमरावतीहून नितेशचा फोन आला. पुस्तक तोच छापत होता, कौंडण्यपूरच्या एका निवृत्त गुरुजींच्या आठवणींचं.

"मॅडम, कुठपर्यंत आलं?"

"चालू आहे."

"मागच्या बुधवारीही चालूच होतं." मुलगा गोड बोलायचा, पण स्पष्ट. "शनिवारी संध्याकाळी हातात नाही आलं तर मी कंप्युटरवरच तपासून घेतो. आणि मग पुढची पुस्तकंही तिकडंच जातील. राग नका मानू."

राग कसला मानणार? त्याचं काही चुकत नव्हतं. फोन ठेवल्यावर अनीसाबी बराच वेळ त्या लाल पेनाकडे पाहत बसल्या. हेही गेलं तर सकाळी उठून चष्मा लावायचा कशासाठी?

छापखान्यात एका दिवसात साठ-साठ पानं कशी निघायची, हे त्यांनी पहिल्यांदाच नीट आठवून पाहिलं. निघायची, कारण समोर दुर्गाबाई असायच्या. दुर्गाबाई मूळ प्रत हातात धरून मोठ्यानं वाचायच्या, अनीसाबी प्रुफावर नजर ठेवून ओळ संपली की "हूं" म्हणायच्या. हूं आला नाही की दुर्गाबाई थांबायच्या. टेबलावर बोटाची कांडी आपटायच्या. "झोपली का वो?" त्या रोज मूर्तिजापूरहून पॅसेंजरनं यायच्या आणि पाच वाजले की चपला घालायच्या, वाक्य अर्धं असलं तरी. त्यामुळं पाचच्या आत सगळं उरकायचं असा दोघींचा नेम होता. मधल्या सुट्टीत दुर्गाबाईंच्या डब्यातली भाकरी आणि अनीसाबींच्या डब्यातला खिमा समोरासमोर यायचे. दुर्गाबाई खिम्याकडे बघून म्हणायच्या, "वास चांगला आहे, पण माहा वार आहे आज." वार रोजच असायचा. वास मात्र रोज घ्यायच्या.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता अनीसाबींनी अमरावतीला फोन लावला. दुर्गाबाई आता तिथं श्यामकडे, म्हणजे लेकाकडे राहत होत्या.

"अनीसा? कोण मेलं?"

"कुणी नाही. दुर्गाबाई, वाचायला बसायचं का?"

"मले दिसत नाई आता. एक डोया गेला, दुसरा जाऊन राहिला."

"मी वाचते. तुम्ही हूं म्हणा."

"हूं म्हणाले डोया कायले लागते? वाच."

अनीसाबींनी एकेचाळिसावं पान उचललं.

"हे कितवं?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"एकेचाळीस."

"पहिल्या पानापासून वाच. मधातून मी ऐकत नसतो."

"शनिवारी द्यायचं आहे, दुर्गाबाई. अडीचशे पानं पडलीत."

"मंग बोलून कावून राहिली?"

अनीसाबींनी पहिलं पान काढलं. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. पहिली ओळ वाचली. "हूं." दुसरी वाचली. "हूं." आठव्या ओळीला त्यांना तहान लागली, पण हूं येऊन थांबला होता, पुढची ओळ मागत होता. तहान तशीच राहिली. स्वतःच वाचलेली पानं पुन्हा वाचताना त्यांना सात चुका सापडल्या आणि त्या मनातल्या मनात शरमल्या.

पाच वाजले. "चाल, उठतो मी," दुर्गाबाई म्हणाल्या.

"आता कुठली गाडी पकडायची आहे तुम्हाला?"

"गाडी नसंन. उठाचं तर पाचलेच."

नव्वद पानं झाली होती. अनीसाबींनी पेनाला टोपण लावलं, आणि कित्येक महिन्यांनी त्यांना काम संपल्यासारखं वाटलं.

शुक्रवारी एकशे त्रेचाळिसाव्या पानावर गुरुजींची आत्या सुंदराबाई जत्रेहून रेवड्या घेऊन घरी आली. हूं आला नाही.

"झोपलात का?"

"थांब. हे सुंदराबाई मेली होती नं? काल, जेवणाच्या आधी. तापानं."

अनीसाबींनी पानं उलटली. अडतिसाव्या पानावर सुंदराबाई खरंच गेली होती, चांगली दीड पान रडारड होती. हे पान त्यांनी एकटीनं एकदा, दुर्गाबाईंसमोर एकदा, असं दोनदा वाचलेलं. त्यांनी समासात लाल खूण केली आणि दोघी इतक्या हसल्या की श्यामची बायको काय झालं ते पाहायला आली.

शनिवारी सव्वाचारला शेवटचं पान झालं. अनीसाबींनी गठ्ठा बांधला, स्वतः स्टँडवर जाऊन अमरावतीच्या गाडीत पार्सल दिलं आणि नितेशला गाडीचा नंबर कळवला.

सोमवारी त्याचा फोन आला. "मॅडम, गुरुजी ओशाळलेत. रेवड्या काकूनं आणल्या होत्या म्हणे." आणि मग, "पुढचं पुस्तक पाठवू?"

"पाठव. पण आता आम्ही दोघी आहोत. आत दोघींची नावं टाक. आणि पाचनंतर फोन करायचा नाही."

मंगळवारी अकरा वाजता फोन वाजला.

"वाच," दुर्गाबाई म्हणाल्या.

"पुस्तक यायचं आहे अजून. उद्या येईल."

"मंग मी आता काय करू? पाट टाकून बसली मी."

अनीसाबींनी तुरीची डाळ निवडायला घेतली, मोबाइल तांब्याला टेकवला. "मूर्तिजापूरचं सांगा काही."

दुर्गाबाई सुरू झाल्या. स्टेशनातली ती छोटी रेल्वे, तिच्या डब्यात विसरलेली छत्री, ती तीन महिन्यांनी परत कशी मिळाली. जरा बोलून झालं की त्या थांबायच्या.

"हूं," अनीसाबी म्हणायच्या, आणि डाळीतला खडा बाजूला ठेवायच्या.